व्याह्यानं धाडलं घोडं

१५ नोव्हेंबर २०१८. जमिनीपासून चारशे किलोमीटर उंचावर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या कोलंबस या युरोपीय प्रयोगशाळेत अलेक्झांडर गेर्स्ट नावाचे जर्मन अंतराळवीर उभे आहेत. उभे म्हणजे तरंगत. समोर एक पांढरा गोळा, तोही तरंगत. वजन पाच किलो, दिवाळीच्या किराण्यात साखर येते तेवढं. गोळ्याला पडदा, पडद्यावर दोन डोळे, भुवया आणि हसरं तोंड. नाव सायमन. घडवला एअरबसनं, अक्कल पुरवली आयबीएमच्या वॉटसननं आणि डोक्यावर हात जर्मन अंतराळ संस्थेचा. बारशालाच एवढे मामा-काका जमले की पोर लाडावायचंच.

गेर्स्ट यांनी त्याला आपलं आवडतं गाणं लावायला सांगितलं. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचं, माणूस आणि यंत्र या विषयावरचं. सायमननं लावलं. थोडं ऐकून झाल्यावर गेर्स्ट म्हणाले, पुरे, आता पुढचं काम घेऊ. पण सायमन काही गाण्यातून बाहेर येईना. गणपतीत सोसायटीच्या एखाद्या काकांच्या हातात माईक जातो आणि मग आरतीची वेळ टळते, तसला प्रकार. गेर्स्ट यांनी जरा सुनावलं, तर हा म्हणतो, असं वाईट वागू नका ना. आणि वर विचारतो, तुम्हाला माझ्यासोबत इथं आवडत नाही का?

गेर्स्ट म्हणजे ज्वालामुखींचा अभ्यास केलेला माणूस. त्या वेळी अख्ख्या स्थानकाचा प्रमुख. आणि जगातल्या सगळ्यात महागड्या घरात बसून तो एका गोळ्याची समजूत काढतोय. सायमनला पाठवलं होतं अंतराळवीरांचं काम हलकं करायला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण ज्या कुणी काढली त्याच्या दारात बहुतेक खरंच घोडं आलं असावं. इथं तर घोडं रुसतंही.

आता घरचं थोडं काय होतं, ते पाहू.

अंतराळवीर वर जाऊन दिवसभर काय करतात, याबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं. खिडकीतून निळी पृथ्वी, हातात परीक्षानळी, चेहऱ्यावर गंभीर भाव. प्रत्यक्षात शनिवारी तिथं साफसफाई असते. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जाळ्यांवरची धूळ ओढायची, हात लागतात ते दांडे पुसायचे, कचरा बांधायचा. वजन नसल्यामुळे धूळ खाली बसत नाही, हवेच्या ओढीनं जाऊन जाळीवर चिकटते. संडास बिघडला की तोही यांनीच दुरुस्त करायचा, कारण प्लंबर बोलावला तरी येणार कुठून? आणि सामान शोधायचं. घर केवढं, तर नासाच्याच शब्दांत सहा बेडरूमच्या घराहून मोठं. त्यात भिंत, जमीन, छत असा भेदच नाही. चारी बाजूंना पिशव्या, वायरी, लॅपटॉप, आणि कुठलीही वस्तू हातातून सुटली की ती ठेवल्या जागी राहत नाही.

या कामाचा दर नासानं एकदा छापला होता. खासगी कंपन्यांना वर काही करून घ्यायचं असेल तर अंतराळवीराच्या एका तासाचे किती मोजावे लागतील, याचं २०२१ सालचं दरपत्रक आहे. तासाला एक लाख तीस हजार डॉलर. रुपयांत कोटीच्या आसपास. लक्षात घ्या, ज्याच्या तासाला कोटी रुपये पडतात तो माणूस शनिवारी फडकं मारतोय.

शोधाशोधीचं सांगायचं तर टोमॅटोची गोष्ट सांगावीच लागेल. फ्रँक रुबिओ नावाच्या अमेरिकी अंतराळवीरानं स्थानकात मातीशिवाय रोपं वाढवण्याच्या प्रयोगात टोमॅटो पिकवले. आपल्या वाट्याचा छोटासा टोमॅटो त्यानं पिशवीत घातला, आणि पिशवी कुठंतरी तरंगत गेली. झालं. सहकाऱ्यांनी लगेच ठरवून टाकलं की यानंच खाल्ला. रुबिओ बिचारा सांगून थकला. स्वतःच्या सुट्टीच्या वेळातले अठरा-वीस तास त्यानं शोधण्यात घालवले, असं तो नंतर म्हणाला. नासाच्या दरपत्रकानं हिशेब केला तर कमीत कमी तेवीस लाख डॉलर झाले. तो वर असतानाच, २०२३च्या जुलैत, आपल्याकडं टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे झाला म्हणून केवढी बोंबाबोंब झाली होती. नारायणगावच्या बाजारात त्या महिन्यात ज्यांचा माल लागला त्यांनी तर सोनं केलं, पण एका नगाला तेवीस लाख डॉलर त्यांनाही मिळाले नसतील.

रुबिओ ३७१ दिवस राहून सप्टेंबरात जमिनीवर परतला, तेही टोमॅटोचोर हा शिक्का घेऊन. डिसेंबरात स्थानकाच्या पंचविशीनिमित्त वरच्या मंडळींशी गप्पा चालू असताना त्यांनी जाहीर केलं की टोमॅटो सापडला. वाळलेला, थोडा चेपलेला, पण बुरशी नाही. निर्दोष सुटका.

मला विचाराल तर अंतराळवीरांना मदतनीस हवा तो ह्यासाठी. टोमॅटो शोधायला, जाळी पुसायला, दिवे-पंखे नीट चालू आहेत ना ते बघायला. आपण खाली बसून त्यांना काय काय पाठवलं, त्याची यादी मात्र वेगळीच आहे.

सुरुवात रोबोनॉट-टूपासून करू. नासा आणि जनरल मोटर्सनं मिळून घडवलेला, सोनेरी मुखवट्याचा, रुंद खांद्यांचा, दीडशे किलोचा पठ्ठ्या. डोकं, धड, दोन हात. हातांची बोटं इतकी कुशल की माणसाची हत्यारं तो तशीच वापरू शकेल, हा त्यामागचा सगळा विचार. फेब्रुवारी २०११मध्ये डिस्कव्हरी यानाच्या शेवटच्या फेरीत तो वर गेला. आणि खोक्यातच राहिला. माणसांना वेळ नव्हता. अध्यक्ष ओबामांनी फोनवरून अंतराळवीरांची विचारपूस केली तेव्हा त्याचीही केली, त्याला भांडीबिंडी घासायला लावता की नाही म्हणून. कळलं की अजून फोमच्या वेष्टनातनं बाहेरच काढलेला नाही. ओबामा म्हणाले, अरे, एवढ्या लांबून आलाय तो, काढा की त्याला. तर वरून उत्तर, अधूनमधून आतून खरवडल्याचा आवाज येतो खरा.

गंमत सोडा, पण अडचण इथंच कळते. मदतनीस खोक्यातून काढायला वेळ लागतो, आणि वेळ नाही म्हणूनच तर मदतनीस मागवलाय.

पुढं त्याला काढलं. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यानं डॅन बरबँक या अंतराळवीराशी हस्तांदोलन केलं, फोटो निघाले. मग त्याला एक काम सापडलं आणि ते मला मनापासून आवडतं. हवेच्या झरोक्यांसमोर यंत्र धरून वारा किती वाहतो ते मोजायचं. हे काम माणसापेक्षा त्याला बरं जमायचं. कारण माणूस जवळ गेला की श्वास सोडतो आणि मोजमाप बिघडतं. रोबोनॉट श्वासच घेत नाही. नोकरीसाठी याहून सोपी पात्रता मी ऐकलेली नाही.

इथवर ठीक होतं. मग २०१४मध्ये त्याला पाय पाठवले. प्रत्येक पायाला सात सांधे, टोकाला पावलाऐवजी पकड. स्थानकात चालायला जमीन नाही, सगळे हातानं दांड्यांना धरून सरकतात, पण पाय हवेतच. अंतराळवीरांनी पुन्हा आपले कोटी-कोटीचे तास घालून ते बसवले. आणि तिथून पठ्ठ्या आजारी पडला. विजेच्या जोडणीत दोष. आज चालू, उद्या बंद. खालचे डॉक्टर दुरून नाडी बघतायत, वरचे नर्सिंग करतायत. असं करत करत चार वर्षं गेली आणि २०१८मध्ये त्याला दुरुस्तीसाठी परत खाली आणलं. साठीला गुडघे बदलून घेतलेले आमचे एक शेजारी आहेत, ते अजून चालतायत. त्यांना हे सांगितलं तर फार समाधान पावले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या घरात डोकावणं सोपं. तर आमच्या घरचंही सांगतो. गेल्या वर्षी मोहात पडून एक झाडू मारणारं यंत्र आणलं. गोल, थाळीएवढं, जमिनीवर सरपटणारं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही, दोष आमच्या घराचा. त्याला झाडू मारायचा म्हणजे आधी आम्ही खुर्च्या उचलायच्या, चार्जरच्या वायरी गुंडाळायच्या, चपला आत घ्यायच्या, पायपुसणं उचलायचं. एवढं केल्यावर खोली मुळातच अर्धी स्वच्छ होते. मग ते फिरतं, आणि दिवाणाखाली जाऊन अडकतं, आणि तिथून बारीक आवाजात हाका मारतं. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी त्याच्याकडं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्याला आधी उचला बघू, माझ्या पायात येतंय. मला झाडायचंय."

मावशींचं वाक्य मी जपून ठेवलंय, कारण २०१९च्या ऑगस्टमध्ये रशियानं जे केलं त्यावर याहून नेमकं भाष्य होणार नाही.

रशियाचा फेदोर. उंची १८० सेंटिमीटर, वजन एकशे साठ किलो. त्याआधी त्याचं नाव गाजलं होतं ते दोन्ही हातांनी पिस्तुलं झाडतानाच्या चित्रफितीमुळं. तेव्हा एका मंत्र्यांना खुलासा करावा लागला होता की आम्ही टर्मिनेटर बनवत नाही आहोत. अंतराळात जाताना पिस्तुलं काढून घेतली, हातात छोटा झेंडा दिला आणि माणसांविना निघालेल्या सोयूझ यानात त्याला थेट कमांडरच्या खुर्चीत बसवलं. २२ ऑगस्टला उड्डाण. २४ला स्थानकाला जोडणी व्हायची होती. यान जवळ आलं, घुटमळलं, जोडणी काही जमेना. परत लांब गेलं. दोष फेदोरचा नव्हता, यानाचाही नव्हता, स्थानकाच्या त्या दाराशी असलेल्या यंत्रणेत होता. मग तोडगा काय? वर मुक्कामाला असलेल्या तिघांनी, स्क्वोर्त्सोव, पार्मितानो आणि मॉर्गन यांनी, २६ तारखेला आपल्या सोयूझमध्ये जाऊन बसायचं, ते धडक्या दारावरून काढायचं आणि नादुरुस्त दाराशी हातानं चालवत नेऊन लावायचं, म्हणजे पाहुण्याला चांगलं दार मोकळं होईल.

आपल्या इमारतीत पाहुणे येतात तेव्हा वॉचमन वर फोन करतो, साहेब, तुमची गाडी जरा काढता का. तेच. फक्त इथं गाडी ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरनं फिरणाऱ्या पार्किंगमध्ये होती आणि पाहुणा पुतळा होता.

२७ला फेदोर आत आला आणि त्याच्या खात्यावरून ट्वीट पडलं, उशिराबद्दल क्षमस्व, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, कामाला तयार आहे. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. पण हिंजवडीतला माणूस निदान त्यानंतर आठ तास बसतो. फेदोर ७ सप्टेंबरला परत. आणि परतल्यावर त्याच्या निर्मात्यांनीच सांगून टाकलं की याला पुन्हा पाठवणार नाही, यानाबाहेर काम करायचं तर याचे लांब पाय काही कामाचे नाहीत.

पाय! पुन्हा पायच. एका देशानं कोट्यवधी खर्चून पाय बसवले आणि पठ्ठ्या झोपला, दुसऱ्यानं पायांसकट पाठवला आणि परत आणल्यावर कळलं की पाय नको होते. अंतराळात पहिल्या आठवड्यातच माणसाला उमगतं की पायांचं काम आता फक्त दांड्यात अडकवून ठेवण्यापुरतं. मग हे पाय कुणासाठी? आपल्यासाठी. खाली टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी, बजेट मंजूर करणाऱ्यांसाठी. डोळे, भुवया, हस्तांदोलन, ट्वीट, सगळं आपल्याच हौसेचं. वर राहणाऱ्या माणसानं कधी मागितलं नव्हतं की मला भुवया असलेला गोळा पाठवा.

जपानी लोकांनी हौस स्वस्तात भागवली, तेवढी समज त्यांची. त्यांचा किरोबो ३४ सेंटिमीटरचा, किलोभर वजनाचा बाहुला. २०१३मध्ये वर गेला, कोइची वाकाता या अंतराळवीराशी जपानीत गप्पा मारल्या, सर्वांत उंचावर गप्पा मारणारा रोबो म्हणून गिनीज बुकात ४१४.२ किलोमीटरचा विक्रम लावला आणि २०१५मध्ये घरी आला. त्यानंतर त्यांनी पाठवला इंट-बॉल, पंधरा सेंटिमीटरचा उडता कॅमेरा. हा मात्र कामाचा. अंतराळवीरांच्या कामाच्या वेळातला दहा टक्के वेळ फोटो काढण्यात जातो, तो वाचवायचा म्हणून. आपल्याकडच्या लग्नात डोक्यावर ड्रोन घुमतो तो कुणाचा किती वेळ वाचवतो, कल्पना नाही.

आता या घोड्यांच्या पागेतून बाहेर येऊन तीन चौकोनी ठोकळ्यांकडं वळू.

त्यांची नावं हनी, क्वीन आणि बंबल. एकत्र नाव अ‍ॅस्ट्रोबी. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रानं बनवलेले, बाजू साधारण ३२ सेंटिमीटरची. आपल्याकडं आंब्याची पेटी येते तीच चौकोनी केली असं समजा. तोंड नाही, पाय नाहीत. आतल्या पंख्यांनी हवा ढकलत इकडून तिकडं सरकतात. एक छोटा हात आहे, तो दांडा धरून बसायला. बॅटरी उतरली की स्वतःहून जाऊन चार्जिंगच्या खणात बसतात, कुणाला सांगावं लागत नाही. बंबल आणि हनी २०१९च्या एप्रिलमध्ये वर गेले, क्वीन जुलैत. त्यांच्याआधी एमआयटीचे स्फीअर्स नावाचे गोळे होते, २००६पासून. एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना 'स्टार वॉर्स' सिनेमातला तरंगता गोळा दाखवून हे बनवा म्हणून सांगितलं होतं, आणि पोरांनी बनवले. पण त्यांचा गॅस संपला की टाकी बदलायला अंतराळवीर लागायचा, बॅटरी बदलायलाही. म्हणजे पुन्हा सिलिंडरचा नंबर लावणं आलंच. अ‍ॅस्ट्रोबीनं ती कटकट संपवली.

तरी काम सोपं नाही. अ‍ॅस्ट्रोबी आपण कुठं आहोत हे ओळखतो कसा? कॅमेऱ्यानं आसपास पाहतो आणि आधी बनवलेल्या चित्रनकाशाशी ताडून बघतो. आता स्थानकात रोज सामान हलतं. काल जिथं निळी पिशवी होती तिथं आज लॅपटॉप. आठवडाभरात नकाशा शिळा. वर आणि खाली हा भेदही नाही. भाद्रपदात माळ्यावरचं सगळं खाली काढलेलं असताना बाहेरगावाहून आलेल्या माणसाला स्वतःचंच घर ओळखू येत नाही, तशी त्याची गत होते. हा बिचारा मधेच हरवायचाही.

काही वर्षांपूर्वी नासाच्या आयझॅक नावाच्या प्रकल्पात या बंबलला एक परीक्षा दिली. मला ती सगळ्या हस्तांदोलनांपेक्षा मोठी वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा, असं ठरवलं की स्थानकात एका जागी कार्बन डायऑक्साइड वाढलाय. हे साधं प्रकरण नाही. आपल्या घरात उच्छ्वासाची गरम हवा वर निघून जाते, तिथं वजनच नसल्यानं गरम हवा वर जात नाही. पंखे बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या नाकाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहील. म्हणून स्थानकात चोवीस तास पंख्यांची घरघर असते आणि हवेचा झरोका बंद होणं म्हणजे गळा दाबणं. तर बंबलनं स्वतःहून जायचं, कुठं बिघडलंय ते बघायचं. तो गेला. झरोका शोधला. झरोक्यावर काहीतरी परकं चिकटलंय, हे त्यानं ओळखलं.

ते परकं म्हणजे मोजा.

खरा नाही. कागदावर छापलेलं मोज्याचं चित्र. ज्या शास्त्रज्ञानं अडथळा म्हणून मोजाच निवडला त्याला माझा नमस्कार. तो संसारी असणार. लोक लेसर तोफा आणि परग्रहवासी रंगवत बसतात, आणि याला नेमकं माहीत आहे की घरात बिघाड होतो तो मोज्यामुळं. बंबलनं चित्र टिपलं, अडथळा नोंदवला आणि तो काढण्यासाठी मदत मागितली.

हसू येतं. पण ह्या हुशारीची किंमत कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. चाकरमानी मुंबईत, घर गावाला. कुलूप उघडायचं गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या दहा महिन्यांत आत काय चाललंय? वाळवी, उंदीर, फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हाळ. शेजारचा एखादा आप्पा चक्कर मारून येतो आणि फोन करतो तेवढाच आधार. चंद्राभोवती फिरणारं गेटवे नावाचं जे स्थानक आखलं गेलं ते असंच, वर्षातले बरेच महिने बंद राहणारं. अशा घराला सोनेरी मुखवट्याचा पहिलवान काय करायचा? तिथं आप्पाच हवा.

आणि मंगळाचं तर विचारूच नका. तिथून एक वाक्य पृथ्वीवर पोचायला ग्रह जवळ असताना तीन मिनिटं, लांब असताना बावीस. ह्यूस्टन, धूर येतोय, काय करू? असं विचारल्यावर उत्तर यायला पाऊण तास. तोवर धुरानं आपलं ठरवून टाकलेलं असतं. तिथल्या यंत्राला स्वतःच्या डोक्यानं चालता आलं पाहिजे, आणि ते डोकं मोजा ओळखण्यापासूनच सुरू होतं.

मुकाट्यानं राबणाऱ्यांत आणखी एकाचं नाव घ्यायलाच हवं. डेक्स्टर. कॅनडाचा, २००८पासून स्थानकाच्या बाहेर. दोन लांब हात, तोंड नाही, आवाज नाही. सुटे भाग बदलतो, पेट्या हलवतो, जमिनीवरची माणसं त्याला चालवतात, आतले झोपलेले असले तरी काम चालू. त्याची मुलाखत कुणी घेतली नाही. पण कॅनडानं त्याला पाच डॉलरच्या नोटेवर छापलं. न बोलणाऱ्याची एवढी कदर झालेली माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आता आपली व्योममित्रा. तिचं नाव घ्यायचं टाळत होतो, माहेरची आहे. २२ जानेवारी २०२० रोजी बेंगळुरूत इस्रोनं तिला लोकांसमोर आणली. चेहरा, केस, दोन हात, कमरेपर्यंत देह. गगनयानाच्या माणसांविना होणाऱ्या फेरीत ती बसणार, यानातल्या हवेवर लक्ष ठेवणार, इशारे देणार, बटणं चालवणार. एवढ्यापर्यंत उत्तम, कारण माणूस बसवण्याआधी खुर्चीतून हात कुठवर पोचतो हे बघायला बाहुली हवीच. पण तिच्या तोंडी वाक्यं घातली ती कुठली? की मी तुमची सोबतीण होईन, अंतराळवीरांशी बोलेन, त्यांना ओळखेन. यानात माणूसच नसणार ही गोष्ट तिला सांगायचं राहून गेलं असावं.

तिला पाय दिले नाहीत, हे मात्र इस्रोचं शहाणपण. रशिया आणि अमेरिका ठेचकाळून जे शिकले ते आपण न पडता शिकलो. पाय नाहीत त्याचा आणखी एक फायदा. तिचा मुहूर्त होता २०२०चा डिसेंबर. तो गेला, पुढचाही गेला, त्याच्या पुढचाही, २०२५ उजाडलं तरी ती जमिनीवरच. पाय असते तर उठून गेली असती.

तिच्याआधी साठ वर्षं एक जण असाच बसून गेला होता. इवान इवानोविच. गागारिनच्या आधी, मार्च १९६१मध्ये, सोविएतांनी दोनदा वर पाठवलेला पुतळा. उतरल्यावर गावकऱ्यांना मेलेला माणूस वाटू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर पुतळा असं लिहिलं होतं. आवाजाची चाचणी करायला त्याच्या यानातून समूहगान आणि बोर्श्त सूपची पाककृती ऐकवली, म्हणजे चोरून ऐकणाऱ्या परदेशी हेरांना आत माणूस बसलाय असं वाटायला नको. बाकी इवाननं काही मागितलं नाही, रुसला नाही, ट्वीट केलं नाही. मदतनीस असावा तर असा.

राहता राहिला टोमॅटो. हनी, क्वीन, बंबल तिथं २०१९पासून होते. टोमॅटो हरवला तेव्हाही होते. सामानाला चिकटवलेल्या रेडिओ खुणा वाचून वस्तूंचा ठावठिकाणा लावण्याचे प्रयोगही त्यांनी केलेत. पण टोमॅटोला खूण कोण चिकटवणार? तो शेवटी माणसांनाच सापडला.

परवा सकाळी हे सगळं मी मावशींना सांगत होतो. त्या ओटा पुसत होत्या. टोमॅटोवर त्या हसल्या, रुसणाऱ्या गोळ्यावर जास्त हसल्या. बंबलचं सांगताना माझा आवाज जरा चढला असेल. एवढ्या मोठ्या स्थानकात, कुणी न सांगता, त्यानं एकट्यानं मोजा शोधून काढला, मावशी!

"आणि मग? उचलला?"

"नाही हो. ते त्याला जमत नाही. तिथंच थांबला आणि माणसाला हाक मारली, मोजा पडलाय म्हणून."

मावशींनी फडकं पिळलं, माझ्या खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि तिथनं एक मोजा बाहेर काढला.

"मग ते तुमच्यासारखंच की, दादा."